संवादी तंत्रज्ञान आणि कुमारवयीन व्यसनप्रतिबंध

कुमारवयीन मुलांनी अमली पदार्थांकडे वळू नये यासाठी संगणकीय खेळ, चित्रकथा, मोबाइल ॲप यांसारख्या साधनांचा केलेला वापर. व्याख्यानात मूल ऐकून घेते. येथे त्याला निर्णय घ्यावा लागतो आणि त्याचा परिणाम लगेच समोर येतो.

धाक आणि नुसती माहिती यांचा उपयोग होत नाही, हे ध्यानात आल्यावर या साधनांकडे लक्ष गेले. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी शाळांत सुरू केलेला ‘डेअर’ हा व्यसनप्रतिबंधाचा उपक्रम अमेरिकाभर पसरला, परंतु मुलांच्या प्रत्यक्ष वागण्यावर त्याचा प्रभाव नगण्य असल्याचे पुढील मूल्यमापनांत दिसले. संशोधक नॅन्सी टोब्लर यांनी अशा अनेक शालेय कार्यक्रमांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात मुलांना आपसांत बोलायला, भूमिका वठवायला लावणारे कार्यक्रम एकतर्फी शिकवणीहून सरस ठरले. हा निष्कर्ष माणसांमधील संवादाचा होता, पडद्याचा नव्हे. तंत्रज्ञानाचे पुरस्कर्ते हे सोयीस्करपणे विसरतात.

या साधनांचा गाभा म्हणजे नकाराची तालीम. खेळातील पात्र सिगारेट पुढे करते, खेळणारा ‘नको’ निवडतो. सुमार खेळ येथे गुण देऊन मोकळा होतो. चांगल्या खेळात ते पात्र पुन्हा डिवचते: ‘घाबरलास?’ खरी कसोटी या दुसऱ्या आग्रहाला लागते. सौम्य दबाव आधी अनुभवलेला असला की पुढचा मोठा दबाव पेलतो, ही कल्पना मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅग्वायर यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या ‘लसीकरण’ सिद्धांताशी जुळते. दुसरे तंत्र गैरसमज दूर करण्याचे आहे. ‘सगळेच ओढतात’ असे मुलांना वाटते. निनावी उत्तरांतून निघालेला वर्गाचा आकडा बहुधा बराच कमी असतो आणि तोच त्यांना दाखवला जातो. जेथे आकडा खरोखरच मोठा असेल, तेथे मात्र हे तंत्र अंगाशी येऊ शकते.

ऑस्ट्रेलियातील ‘क्लायमेट स्कूल्स’ या कार्यक्रमात संगणकावरील चित्रकथेला वर्गातील चर्चा व उपक्रमांची जोड होती. चाचण्यांत मुलांचे मद्यपान कमी झाल्याचे आढळले. येल विद्यापीठातील ‘प्लेफॉरवर्ड’ या खेळात मागे जाऊन निर्णय बदलता येतो. त्याचा मुख्य रोख एचआयव्हीच्या धोक्यावर असला तरी अमली पदार्थांचे प्रसंगही त्यात आहेत. तो खेळलेल्या मुलांचे लैंगिक आरोग्याविषयीचे ज्ञान व दृष्टिकोन सुधारले, पण लैंगिक संबंधांची सुरुवात लांबणीवर पडली नाही. जाणणे आणि वागणे यांतील ही दरी या साऱ्या क्षेत्राची दुखरी नस आहे.

यंत्र रागावत नाही, म्हणून नाजूक प्रश्नांना मुले त्यावर अधिक मोकळी उत्तरे देतात. शिक्षकाला वर्गाची केवळ एकूण टक्केवारी दिसेल, एकट्या मुलाचे उत्तर कधीच दिसणार नाही, अशी रचना नसेल तर हा मोकळेपणा पहिल्याच तासाला संपतो.