वहिनी (सोलापूरचे राजकारण)

वहिनी : थोरल्या भावाच्या बायकोसाठीचा हा नात्याचा शब्द सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात पुढाऱ्याच्या पत्नीलाही लागतो. पुढारी कार्यकर्त्यांचा ‘दादा’, ‘अण्णा’ किंवा ‘मालक’ झाला की त्याची पत्नी वहिनी होते. तो ‘साहेब’ असेल तर ती ‘वहिनीसाहेब’. वयाचा येथे काही संबंध नसतो. साठीतला कार्यकर्ताही तिशीतल्या आमदारपत्नीला वहिनीच म्हणतो. तिचे स्वतःचे नाव पत्रिकेवर छापले जाते, बोलताना मात्र क्वचितच कानावर पडते.

सोलापूर तीन भाषांचे शहर असल्याने हा शब्द येथे सहज खपून गेला. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगूतला ‘वदिना’ आहे आणि उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्ये तर ‘वैनी’ हाच शब्द चालतो. त्यामुळे अक्कलकोटकडच्या कन्नड घरात मत मागायला गेलेल्या उमेदवाराच्या पत्नीला वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

तिच्या कामाची नोंद कुठल्या दप्तरात नसते. साहेब मुंबईला किंवा हिवाळी अधिवेशनासाठी नागपूरला गेले की दारात आलेल्या माणसाला चहा देणे, दवाखान्यासाठी फोन करणे, शिफारसपत्र कोणाला हवे ते लक्षात ठेवणे तिच्याकडे येते. लग्नसराईत एकाच मुहूर्तावर चार कार्ये असली तर दोन साहेब गाठतात, दोन वहिनी. सांत्वनाला जाण्याचे काम याहून मोलाचे. पुढारी ओसरीवर सतरंजीवर बसून उठतो. वहिनी आतल्या खोलीत, बायकांत जाऊन बसते. त्या घराला खरोखर काय हवे आहे, ते बहुधा तिलाच कळते. विडी वळणाऱ्या बायकांच्या वस्त्यांत हे विशेष दिसते. मांडीवर सूप घेऊन दारात बसलेली बाई काम थांबवत नाही. प्रचाराला आलेलीनेच तिच्याशेजारी टेकायचे असते.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे हळदीकुंकू हा वहिनीचा हक्काचा हंगाम. सोलापुरात तेव्हाच सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरलेली असते. २०१२ आणि २०१७ या दोन्ही वर्षी महापालिकेचे मतदान फेब्रुवारीत होते, म्हणजे वाण लुटण्याचा आणि उमेदवारी मागण्याचा काळ एकच. या समारंभाची दुसरी बाजू अशी, की त्यात विधवेला जागा नसते. पत्रिकेवरचे ‘सौ.’ गेले की ज्या बाईने वर्षानुवर्षे हजारोंना वाण दिले तिलाच बोलावणे येत नाही. ही चाल मोडणारी हळदीकुंकवे अलीकडे होऊ लागली आहेत, पण ती अजून बातमीचा विषय ठरतात.

नेत्याच्या पत्नीचे राज्यातले सर्वांत दृश्य रूप याच जिल्ह्यात, पंढरपुरात दिसते. आषाढी एकादशीला पहाटे अडीचच्या सुमारास मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची शासकीय महापूजा करतात, मग रुक्मिणीची. दर्शनरांगेतून निवडलेले मानाचे वारकरी दांपत्य सोबत असते आणि त्यांना एसटीचा वर्षभराचा मोफत पास मिळतो. कार्तिकीची पूजा उपमुख्यमंत्र्यांकडे असते. संकल्पाच्या वेळी पत्नी यजमानाच्या उजव्या हाताला बसते आणि त्याच्या हाताला हात लावते. पूजा त्याची, पुण्यात ती भागीदार, असा याचा शास्त्रार्थ. २०२० आणि २०२१ मध्ये, करोनामुळे पंढरी रिकामी असताना, उद्धव ठाकरे यांच्यासोबत रश्मी ठाकरे होत्या. २०२२ ते २०२४ एकनाथ शिंदे यांच्यासोबत लता शिंदे. २०२५ मध्ये देवेंद्र फडणवीस यांच्यासोबत अमृता फडणवीस. मराठा आरक्षण आंदोलनामुळे २०१८ साली फडणवीस पंढरपुरास आले नाहीत, तेव्हा मंदिरातली पूजा वारकरी दांपत्याच्या हस्ते झाली. २०२४ च्या कार्तिकीला विधानसभेची आचारसंहिता होती, म्हणून पूजा विभागीय आयुक्तांनी केली, तीही सपत्नीक. पुढारी वगळून पूजा होऊ शकते, जोडप्यावाचून तिची कल्पना कोणी करत नाही. गंमत अशी, की आख्यायिकेनुसार रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली आणि तिची समजूत काढायला देव तिच्या मागोमाग पंढरीला आले. रुक्मिणीचे मंदिर आजही वेगळे, विठ्ठलाच्या गाभाऱ्यामागे आहे.

वहिनीचे नाव मतपत्रिकेवर आले की गणित बदलते. याचे सोलापुरातले ठळक उदाहरण उज्ज्वला शिंदे यांचे. सुशीलकुमार शिंदे यांच्याशी त्यांचा विवाह १९७० मध्ये झाला. १९७४ च्या करमाळा पोटनिवडणुकीपासून पुढे मंत्रिपदे, मुख्यमंत्रिपद, आंध्र प्रदेशाचे राज्यपालपद आणि केंद्रीय गृहमंत्रिपद असा पतीचा प्रवास त्यांनी जवळून पाहिला. शिंदे १९९८ व १९९९ मध्ये सोलापूरचे खासदार झाले. जानेवारी २००३ मध्ये ते मुख्यमंत्री झाल्यावर लोकसभेची जागा मोकळी झाली आणि पोटनिवडणुकीत भाजपचे प्रतापसिंह मोहिते-पाटील यांनी ती जिंकली. ती परत मिळवण्यासाठी २००४ मध्ये काँग्रेसने उज्ज्वला शिंदे यांना उभे केले. भाजपचे सुभाष देशमुख यांनी त्यांचा थोडक्या मतांनी पराभव केला. मुख्यमंत्र्यांची पत्नी, मुख्यमंत्र्यांच्याच गावात पडली! त्याच वर्षी सुशीलकुमार मात्र सोलापूर दक्षिणमधून विधानसभेवर गेले. साहेबांना मिळणारे मत वहिनींच्या नावावर जसेच्या तसे वळत नाही, हे या निकालाने दाखवले. वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, त्यांच्या कन्या प्रणिती शिंदे याच मतदारसंघातून निवडून आल्या आणि सोलापूरच्या पहिल्या महिला खासदार ठरल्या. लेकीला ‘ताई’ म्हणतात. तो शब्द कोणाच्या नवऱ्यावरून येत नाही.

करमाळ्यात वाट वेगळी होती. माजी मंत्री दिगंबर बागल यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी श्यामल बागल २००९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे आमदार झाल्या. हळदीकुंकवाने जिला वगळले असते तिला मतदारांनी विधानसभेत पाठवले.

स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या १९९३ पासूनच्या महिला आरक्षणाने, आणि २०११ नंतर ते निम्म्या जागांवर गेल्याने, वहिन्यांची उमेदवारी घरोघर आली. वॉर्ड राखीव झाला की नवरा बायकोचे नाव पुढे करतो; फलकावर तिच्या फोटोशेजारी त्याचाही तेवढाच मोठा फोटो असतो. ‘सरपंचपती’ हा खोचक शब्द यातूनच आला. मात्र सगळ्यांना एकाच मापाने मोजणे चूक ठरेल. पहिल्या वर्षी सहीपुरती असलेली बाई तिसऱ्या वर्षी ग्रामसेवकाला प्रश्न विचारते, असे पुष्कळदा घडते.

या शब्दाच्या कक्षेत न बसणारे एक नावही सोलापुराला परिचित आहे. गोदावरी परुळेकर यांचा जन्म पुण्याच्या गोखले घराण्यातला आणि कार्य ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींत; १९४५ च्या उठावाचे नेतृत्व त्यांनी आणि पती शामराव परुळेकर यांनी मिळून केले. शामराव १९६५ मध्ये वारले. गोदावरीबाई पुढे अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना कोणी वहिनी म्हटले नाही, सगळ्यांच्या त्या गोदूताई. सोलापूरचे कम्युनिस्ट नेते व माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने शहराजवळच्या कुंभारी येथे विडी कामगार बायकांसाठी १० हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे दिली गेली. तिचे नाव ‘कॉम्रेड गोदूताई परुळेकर’ वसाहत.