वृत्त-मॅगझिन सोलापूरच्या वर्गात पोहोचले त्याची गोष्ट

सोलापुरात पत्रकारिता शिकणाऱ्या विद्यार्थ्याला शेवटच्या सत्रात प्रकल्प म्हणून चार-पाच मिनिटांचा जो वृत्तखंड करावा लागतो, त्याला वर्गात सगळे ‘स्टोरी’ किंवा ‘पॅकेज’ म्हणतात. विषय बहुधा आसपासचाच असतो: चादरीचा यंत्रमाग, विडी वळणाऱ्या बायका, माळढोकासाठी राखलेले नान्नजचे माळरान, नाहीतर जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. अशा पाच-सहा स्टोऱ्या निवेदकाच्या ‘लिंक’ने एकमेकींना जोडल्या की अर्ध्या तासाचे मॅगझिन तयार होते. हे प्रकल्प तपासताना एक गोष्ट मला दरवर्षी दिसत आली आहे. विद्यार्थी आधी संहिता लिहून काढतो आणि मग तिच्यावर घालायला दृश्ये शोधत हिंडतो. त्याचे खापर विद्यार्थ्यांवर फोडण्याआधी हा मॅगझिनचा प्रकार इथवर कोणत्या वाटेने आला ते पाहायला हवे.

‘मॅगझिन’ हा शब्दच मुळात छापखान्यातला. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर पत्रकार एडवर्ड मरो यांचा ‘सी इट नाऊ’ हा कार्यक्रम १९५१ मध्ये सुरू झाला, तो त्यांच्याच ‘हिअर इट नाऊ’ या रेडिओ कार्यक्रमाचे पडद्यावरचे रूप होता. ‘ऐका’चे ‘पाहा’ झाले एवढाच नावातला फरक. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९५३ मध्ये ‘पॅनोरमा’ आणला. मात्र आज आपण जो साचा शिकवतो तो २४ सप्टेंबर १९६८ रोजी सुरू झालेल्या ‘सिक्स्टी मिनिट्स’चा. त्याचे निर्माते डॉन हेविट यांच्यासमोर ‘लाइफ’ या सचित्र नियतकालिकाचा नमुना होता: एका अंकात एक गंभीर लेख, एक मुलाखत, एक हलकाफुलका मजकूर. म्हणून त्या कार्यक्रमात बातमीदार बोलतो तेव्हा त्याच्या मागे मासिकाचे पान उघडल्यासारखी चौकट दिसते, आणि शीर्षकसंगीताच्या जागी नुसत्या स्टॉपवॉचची टिकटिक ऐकू येते. म्हणजे या प्रकारातला पहिला संस्कार कागदाचा आणि दुसरा आवाजाचा होता. चित्राचा नंबर त्यानंतर लागला.

भारतात दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रयोगादाखल सुरू झाली आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. सोलापूरच्या अगदी शेजारी मात्र टीव्ही एका वेगळ्याच मार्गाने आला. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामूहिक संच बसवले गेले, त्यात कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, तीन मीटर व्यासाच्या अँटेना उभारून ते कार्यक्रम थेट उपग्रहावरून घेतले जात. आपल्या जिल्ह्याची हद्द ओलांडली की लोक चावडीसमोर बसून कन्नडमधले शेतीचे कार्यक्रम पाहत होते, आणि महाराष्ट्र मात्र या प्रयोगात नव्हता. सोलापूरची नाळ मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषांशी जोडलेली आहे, हे इथे सहज आठवते.

प्रशिक्षणाची सोय होती, पण ती वेगळ्या लोकांसाठी. दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण १९७१ मध्ये दिल्लीत सुरू झाले आणि १९७४ मध्ये पुण्याच्या चित्रपट संस्थेच्या आवारात आले. त्याचा मुख्य लाभ दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यांना मिळाला. महाविद्यालयातील पत्रकारिता त्याआधीच वेगळ्या वळणावर गेली होती. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये आणि पुणे विद्यापीठात १९६४ मध्ये पत्रकारितेचे शिक्षण सुरू झाले ते वृत्तपत्रांना माणसे पुरवण्यासाठी. सोलापूर जिल्हा तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत होता. इथला पत्रकार घडे तो रंगा वैद्य यांच्या ‘संचार’सारख्या दैनिकांच्या संपादकीय टेबलावर, आणि वर्गात शिकवायला येत ते तिथलेच लोक. बातमीचा ‘इंट्रो’ कसा असावा यावर ते तासभर बोलू शकत; कॅमेरा बहुतेकांनी फक्त छायाचित्रकाराच्या गळ्यात पाहिलेला असे.

मधल्या काळातला सर्वांत रंजक टप्पा कॅसेटचा आहे. आजच्या विद्यार्थ्यांना तो ठाऊकच नसतो. १९८० च्या दशकाअखेर प्रसारण पूर्णपणे सरकारच्या हाती होते; खासगी संस्थेला बातमी प्रक्षेपित करता येत नव्हती, पण व्हीएचएस कॅसेटवर भरून विकायला आडकाठी नव्हती. ही फट हेरून १९८८ मध्ये ‘इंडिया टुडे’ समूहाने मधु त्रेहान यांच्या नेतृत्वाखाली ‘न्यूजट्रॅक’ हे मासिक व्हिडिओ मॅगझिन काढले. पाठोपाठ ‘हिंदुस्तान टाइम्स’चे, करण थापर यांचे ‘आयविटनेस’ आणि विनीत नारायण यांचे ‘कालचक्र’ आले. सिनेमाची कॅसेट मिळे त्याच व्हिडिओ लायब्ररीत महिन्याच्या बातम्याही भाड्याने मिळू लागल्या. सिनेमाच्या दुकानात आल्यामुळे त्यांना सिनेमाचा कायदाही लागला: वृत्तपत्राला जे प्रमाणपत्र कधी लागले नाही ते या कॅसेटना सेन्सॉर बोर्डाकडून घ्यावे लागे, आणि त्यावरून खटके उडत. १९९० च्या मंडलविरोधी आंदोलनातील आत्मदहनाची ‘न्यूजट्रॅक’ची दृश्ये ज्यांनी पाहिली त्यांना ती विसरता आली नाहीत. निवेदकाने न सांगता चित्र स्वतः काय सांगू शकते, याचा भारतीय प्रेक्षकाला घडलेला तो मोठा धडा होता. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या आणि काही वर्षांतच या कॅसेट बंद पडल्या. अभ्यासक्रमात त्यांचा उल्लेख एका ओळीपुरता उरला आहे, हे मला अन्यायाचे वाटते.

यानंतरची हकिकत वाचकांना बरीचशी माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगत सरकारी मक्तेदारी अमान्य केली. त्याच वर्षी दूरदर्शनच्या डीडी मेट्रो वाहिनीवर सुरेंद्र प्रताप सिंह यांचे ‘आज तक’ सुरू झाले. २००० मध्ये ई टीव्ही मराठी आले, आणि त्याच्या मराठी बातम्या हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून जात. सोलापूरपासून हैदराबाद तीनशे किलोमीटर, मुंबई चारशे. तेव्हा हा कारभार आपल्याला तितकासा परका वाटला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणाहून बसने किंवा रेल्वेने टेप पाठवायची, हा त्या काळातला रिवाज होता. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा, तर २००८ मध्ये आयबीएन लोकमत आले. कॅमेरा हाताळता येणारा आणि मराठी नीट लिहिणारा मुलगा एकाएकी सर्वांना हवा झाला. योगायोग असा की १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूरला स्वतःचे, एकाच जिल्ह्यासाठीचे विद्यापीठ मिळाले होते. पुढे २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले.

मागणी आली, पण शिकवण्याची रीत जुनीच राहिली. तीन मिनिटांच्या स्टोरीसाठी विद्यार्थी साडेतीनशे शब्दांची संहिता आणतो; ती वाचायलाच तीन मिनिटे लागतात, मग बाइट, म्हणजे मुलाखतीतला बोलका तुकडा, कुठे बसवायचा आणि माग कधी ऐकू यायचा? शहराच्या पूर्वभागातल्या चादरीच्या एका कारखान्यात मुलांना घेऊन गेलो होतो तेव्हाचे सांगतो. नक्षी विणणारे जकार्ड लावलेले सोळा माग एकदम चालू होते. कॉलर माइक लावून मुलीने विणकराला प्रश्न विचारला. त्याचे ओठ हलताना दिसले, कानातल्या हेडफोनमध्ये फक्त खडखडाट. तिने लगेच उपाय सुचवला, ‘सर, व्हीओमध्ये मीच सांगते ना ते काय म्हणाले.’ व्हीओ म्हणजे दृश्यांवर चढवलेले निवेदन. हा छापील वर्गाचा उपाय झाला. आम्ही मागाजवळ फक्त आवाज भरून घेतला, पूर्ण एक मिनिट, कोणीही न बोलता. धोट्याचा, हाताचा, गुंडाळल्या जाणाऱ्या चादरीवरच्या मोराचा जवळून शॉट घेतला. आणि जेवणाच्या सुट्टीत माग थांबल्यावर विणकराला दारातल्या उजेडात बसवून बोलते केले. घरची तेलुगू मधूनमधून डोकावणाऱ्या मराठीत त्याने सांगितले की माग बंद असला की त्याला दुपारी झोप लागत नाही. संकलनात स्टोरीची सुरुवात त्या खडखडाटाने झाली, आवाज एका कटवर तुटला आणि त्या शांततेत हे वाक्य आले. मुलीच्या संहितेतले दोनशे शब्द गळाले. तिला ते फारसे रुचले नाही. सगळे शब्द तिने स्वतः जमवलेल्या माहितीचे होते.

साधनांनीही आधी संहिता लिहिण्याच्या या सवयीला एकेकाळी वेसण घातली होती. कॅमेऱ्यातली मिनीडीव्ही ही छोटी टेप साठ मिनिटांची असे, ती संगणकावर घ्यायला पुन्हा साठ मिनिटे लागत, आणि तासाभराचे चित्रण हार्डडिस्कची तेरा जीबी जागा खाई. म्हणून टाइमकोड लिहिलेली लॉग शीट, म्हणजे कोणते दृश्य टेपवर कितव्या मिनिटाला आहे याची यादी, करणे भागच पडे, आणि ती करताना मुले स्वतःचे चित्रण निदान एकदा तरी शेवटपर्यंत पाहत. मोबाइलने खर्च संपवला, तशी ती पाहणीही संपवली. आता पाच मिनिटांसाठी अडीच तासांच्या क्लिप येतात, आणि त्यांतल्या निम्म्या उभ्या.

मी ज्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवतो तिथल्या कपाटात पंधराएक वर्षांपूर्वीच्या प्रकल्पांचे दोन खण आहेत. वरच्या खणात स्पायरल बाइंडिंग केलेल्या संहिता आहेत, कारण गुण द्यायचे तर लेखी प्रत जमा करणे सक्तीचे होते. त्या आजही सहज वाचता येतात. खालच्या खणात मिनीडीव्ही टेप आहेत, पेनाने ‘गड्डा – नंदीध्वज – पूर्ण’ असे लिहिलेल्या. त्या लावायचा डेक बिघडला तेव्हा दुरुस्तीला पाठवला होता, तो परत आला नाही. मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याला जुन्या यात्रेची दृश्ये हवी होती. त्याला मी वरच्या खणातली संहिता दिली.