चाकू घेता? आधी त्याचं पाणी बघा

भाच्याचा मागच्या आठवड्यात फोन आला, मामा पेंचला चाललोय मित्रांसोबत, खिशातला चाकू घ्यायचाय, कोणता घेऊ, आणि लगेच पाच-सहा फोटो टाकले. एकात मुठीतून बारा हत्यारं बाहेर आलेली, एकाच्या पात्यावर लाटांसारखी नक्षी, आणि एकाखाली लिहिलेलं ‘अस्सल जर्मन स्टील, धार कधीच जात नाही’, किंमत ३९९. ते वाचून राहवलं नाही म्हणून हे लिहून राहिलो. धार जात नाही असं स्टील जगात नाही, आणि चाकूचा चांगला-वाईटपणा ज्यावर ठरतो ती गोष्ट फोटोत दिसतच नाही. ती म्हणजे पात्याला दिलेलं पाणी.

लोहार म्हणतात ना, विळ्याला पाणी पाजलं, तेच हे. कामठी रोडला एका लोहाराकडे मी एकदा अख्खी दुपार बसलो होतो. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा ठोकून त्याने सुरी घडवली, ती कोळशात लाल केली आणि जुन्या स्पीकरचं चुंबक तारेला बांधून तिच्याजवळ नेलं. चिकटलं. परत भट्टीत. दोन-तीन वेळा असं केल्यावर चुंबक चिकटेना, मग अजून थोडं तापवून त्याने सुरी बुडवली, आणि डब्यात पाणी नव्हतंच, जळकं इंजिन ऑइल होतं! धूर निवल्यावर कानस घासून दाखवली, ती काचेवरून सरकावी तशी सरकली. म्हणाला, “भाऊ, आता हे काचेवानी हाये, खाली पडलं का फुटते.”

आता आत काय झालं ते बघा, मला या विषयातलं सगळ्यात आवडणारं हेच आहे. स्टील म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन, चाकूच्या साध्या स्टीलमध्ये अर्धा ते एक टक्का. थंड लोखंडात अणूंची रचना अशी की घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक अणू आणि एक मधोमध. तापवलं की रचना बदलते, मधला अणू नाही, त्याऐवजी सहा बाजूंच्या मध्यावर एकेक. गंमत म्हणजे ही दुसरी रचना एकंदरीत जास्त दाट आहे, तरी तिच्यातल्या मोकळ्या फटी एकेकट्या मोठ्या आहेत (थंड रचनेत रिकामी जागा जास्त, पण ती बारीक बारीक फटींत वाटली गेलेली). कार्बनच्या अणूला मोठी फट लागते, म्हणून गरम रचनेत तो दोन टक्क्यांपर्यंत मावतो आणि थंड रचनेत जेमतेम ०.०२ टक्के. शंभर पट फरक! चुंबक सोडून देणं ही या बदलाची ढोबळ खूण, लोखंडाचं चुंबकत्व सुमारे ७७० अंशाला जातं आणि आपल्या स्टीलमध्ये रचना बदलते तीही त्याच सुमाराला.

सावकाश थंड केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो आणि पातं मऊ राहतं. एकदम थंड केलं तर मंगल कार्यालयातून पाहुणे निघत असताना कोणी शटर ओढावं तसं होतं. रचना बदलायला निघाली, कार्बन आतच अडकला, घन एका दिशेला ताणला गेला. या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात, आडोल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञावरून. ओळी अशा वाकड्यातिकड्या अडकल्या की अणूंचे थर एकमेकांवरून घसरू शकत नाहीत, आणि न घसरणं म्हणजेच कडकपणा. कार्बन जास्त असेल तर हा बदल आणखी खालच्या तापमानाला सुरू होतो, काही भाग जुन्याच रचनेत उरतो, म्हणून काही महाग स्टील शून्याच्याही खाली थंड करतात.

मग अमक्याच विहिरीचं पाणी लागतं, तमक्या नदीचंच लागतं हे जे सांगतात त्यात काही तथ्य आहे का? नाही. प्रश्न फक्त उष्णता किती वेगाने ओढली जाते एवढाच. घावन टाकायच्या आधी आई तव्यावर पाण्याचा शिपका मारते, तवा खूप तापला असेल तर थेंब चरचरत नाही, मोत्यासारखा पळत सुटतो, कारण त्याच्याखाली वाफेची गादी तयार होते. लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने १७५६ मध्ये हे लिहून ठेवलं. लाल पात्याभोवतीही पाण्यात हीच गादी बनते, कुठे टिकते कुठे फुटते, म्हणून पातं कुठे लवकर कुठे उशिरा थंड होतं आणि वाकतं किंवा तडकतं. मीठ घातलं की गादी लवकर फुटते आणि पातं भराभर थंड होतं. तेल पाण्यापेक्षा हळू ओढतं, म्हणून कमानपाट्याला ते बरं.

नंतर लोहाराने सुरी परत हलकी तापवली, पाठीकडून रंग चढत गेला आणि धारेला गवती पिवळा आला तशी काढली. तो रंग म्हणजे सव्वादोनशे अंशाच्या आसपासची खूण, ऑक्साइडच्या पातळ थराची, पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतो तसाच. यात थोडा कार्बन सुटतो, कडकपणा जरासा जातो आणि चिवटपणा येतो. हा सौदा नीट जमला तर चाकू चांगला.

स्टेनलेसचं जरा वेगळं. हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ मध्ये इंग्लंडातल्या शेफिल्डला १२.८ टक्के क्रोमियम धातू घातलेलं, सहज न गंजणारं स्टील केलं, पण सुरवातीच्या त्या सुऱ्या नीट कापत नाहीत अशी तक्रार झाली आणि तो डाग अजून लोकांच्या मनात आहे. क्रोमियम कार्बनला धरून बसतं, ते सोडवायला हजार अंशाच्या वर तापवावं लागतं, आणि कोळशाच्या भट्टीत ते नेमकं साधणं फार अवघड. कारखान्यात ते नीट होतं, म्हणून आजचं चांगलं स्टेनलेस उत्तम कापतं.

तर दुकानात जाताना फ्रिजवरचं चुंबक खिशात टाका. नागपुरात इतवारीच्या लोहा ओळीत मी तेच करतो. चमच्या-ताटांचं १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलवालं स्टेनलेस कितीही तापवून बुडवा, कडक होत नाही आणि त्याला चुंबकही जवळपास चिकटत नाही. पात्याला चिकटलं नाही तर तो चाकू ठेवून द्या. चिकटलं म्हणजे चांगलाच असं मात्र नाही, फक्त पहिली चाळणी झाली. पुढे स्टीलचं नाव लिहिलंय का बघा. १२सी२७, १.४११६ ही नावं असतील तर रोजच्या कामाला भरपूर झालं. डी२ धार जास्त टिकवतं पण गंजतं आणि घरच्या दगडावर लावायला जीव काढतं. नुसतं ‘जर्मन स्टील’, ‘जपानी स्टील’ म्हणजे काहीच नाही, आणि लाटांची नक्षी स्वस्त चाकूवर बहुतेक वेळा वरून कोरलेली असते.

कडकपणा रॉकवेल आकड्यात लिहितात, आकडा जितका मोठा तितकं पातं कडक. स्विस व्हिक्टोरिनॉक्स कंपनीवाले तो मुद्दाम ५६ च्या आसपास ठेवतात, धार लवकर लावावी लागते पण पातं तुकडा सोडत नाही. नवशिक्याला हेच द्यावं असं माझं ठाम मत आहे. पातं पातळ हवं, जाड पात्याने कैरी कापत नाही, फुटते. आणि उघडल्यावर अडकणारं कुलूप असेल तर बोटं वाचतात, फ्रेंच ओपिनेल चाकूला तशी फिरणारी कडी १९५५ पासून आहे. ९ इंचांहून लांब पात्याला शस्त्र कायदा लागू शकतो, खिशात तीन इंच पुरे. विमानात मात्र हातातल्या बॅगेत तेही चालत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. नजर लागू नये म्हणून बाळाच्या उशाशी चाकू ठेवतात, ग्रहणात गरोदर बाईने चाकू धरला तर बाळाचा ओठ फाटतो म्हणतात. ओठ गर्भारपणाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत जुळतात, सावलीशी आणि चाकूशी त्याचा काही संबंध नाही. आणि रांगणाऱ्या बाळाच्या हाताला पातं लागेल हा धोका मात्र खरा आहे. नागपूर जिल्ह्यातच पेंच नदीच्या काठी नायकुंडला सुमारे २७०० वर्षांपूर्वीची लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, इतकं जुनं आपलं लोखंडाचं नातं, ते भीतीचं कशाला करायचं?

भाच्याला मी साधा, दोन पात्यांचा, बिना नक्षीचा घ्यायला लावला. संत्र्याला चाकू लागतच नाही, पण मोसंबी किंवा कैरी कापली की लगेच धुवून कोरडा करायला सांगितलंय, स्टेनलेससुद्धा. पाण्याचा थेंब बिजागरीत अडकतो आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आणि पात्याला काही लावायचंच तर खोबरेल.