मानसशास्त्रातील संशोधनपद्धतींचे पदव्युत्तर अध्ययन

मानवी वर्तन, बोधन आणि भावना यांचा पद्धतशीर शोध कसा घ्यावा, याचे मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात दिले जाणारे शिक्षण. संख्यात्मक पद्धतीत मानसिक गुणधर्मांचे मापन करून त्यांतील फरक व सहसंबंध सांख्यिकीच्या साहाय्याने तपासले जातात. गुणात्मक पद्धतीत माणसे आपल्या अनुभवाला कोणता अर्थ देतात, हे त्यांच्याच शब्दांतून समजून घेतले जाते. पदवीच्या पातळीवर विद्यार्थी मुख्यतः इतरांनी केलेले संशोधन वाचतो. पदव्युत्तर पातळीवर त्याला स्वतःचा प्रश्न ठरवून, माहिती गोळा करून, लघुप्रबंधात प्रत्येक निर्णयाचे समर्थन करावे लागते, आणि या विषयाचे खरे शिक्षण बहुधा तेथेच होते.

दोन्ही पद्धतींचा इतिहास या शास्त्राइतकाच जुना आहे. फेख्नरने १८६० मध्ये उद्दीपक आणि संवेदन यांचे नाते गणिती सूत्रात मांडले, तर व्हुंटने १८७९ मध्ये लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. स्पिअरमनने बुद्धीविषयीच्या १९०४ मधील लेखनातून घटक विश्लेषणाचा, म्हणजे अनेक चाचण्यांतील सहसंबंधांमागचे मोजके समान घटक शोधण्याच्या तंत्राचा, पाया घातला. मात्र विद्यार्थ्याला रोज लागणारी काही साधने मनाच्या अभ्यासातून आलेलीच नाहीत. दोन सरासरींतील फरक तपासणारी टी-चाचणी १९०८ मध्ये विल्यम गॉसेट याने ‘स्टूडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली; तो एका मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरीला होता. अनेक गटांच्या सरासरींची तुलना करणाऱ्या प्रसरण विश्लेषणाची मांडणी करणारा रोनाल्ड फिशर शेतीच्या प्रयोगकेंद्रात काम करीत होता. माणसांचे गट हे शेतातल्या वाफ्यांसारखे निमूट नसतात, एवढे ही साधने वापरताना ध्यानात ठेवलेले बरे. गुणात्मक बाजूला पियाजेने मुलांशी केलेली संभाषणे आणि बार्टलेटचा स्मृतीवरील १९३२ चा ग्रंथ ही जुनी उदाहरणे असली, तरी शिकवता येईल अशी शिस्त तिला पुढे आली. ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये ‘ग्राउंडेड थिअरी’ (गोळा केलेल्या माहितीतूनच सिद्धांत उभारण्याची पद्धत) मांडली, आणि ब्राउन व क्लार्क यांच्या २००६ मधील लेखाने आशयसूत्र विश्लेषण (माहितीतील अर्थाचे समान धागे मांडण्याची पद्धत) मानसशास्त्राच्या वर्गावर्गांत पोहोचवले.

विद्यार्थी पहिल्यांदा अडखळतो तो सांख्यिकीत नव्हे, तर व्याख्येत. ‘एकाकीपणा’ मोजायचा ठरवल्यावर आठवड्यात किती जणांशी बोलणे झाले हे मोजायचे, की एकटे वाटण्याची जाणीव मोजायची? भरल्या घरातही माणूस एकाकी असू शकतो, त्यामुळे या दोन मापनांतून दोन वेगळे अभ्यास तयार होतात. संकल्पना अशी मोजता येण्याजोग्या रूपात बांधण्याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. मापनात सातत्य आहे का, हा विश्वसनीयतेचा प्रश्न, आणि जे मोजायचे तेच मोजले जाते का, हा सप्रमाणतेचा. अंतर्गत सातत्यासाठी, म्हणजे मापनीतील विधाने एकमेकांशी किती जुळतात हे पाहण्यासाठी, क्रॉनबाखचा १९५१ पासून प्रचलित झालेला अल्फा गुणांक सर्वत्र वापरला जातो, किंबहुना गरजेपेक्षा अधिक वापरला जातो. तो उच्च आला म्हणजे मापनी एकच गुणधर्म मोजते, असे सिद्ध होत नाही.

माहिती संगणकात भरण्याच्या कामाला अभ्यासक्रमात क्वचितच स्वतंत्र तासिका मिळते, पण निम्मा मनस्ताप तिथलाच असतो. प्रश्नावलीत काही विधाने मुद्दाम उलट अर्थाची असतात. त्यांचे गुणांकन उलटे करायला विद्यार्थी विसरला, तर अल्फा घसरतो, कधी ऋणही येतो. अनुत्तरित रकान्यात ९९९ भरण्याची रीत आहे; ही नोंद ‘गहाळ’ आहे असे संगणकाला सांगायचे राहिले, तर तो तिला खरे उत्तर समजतो. शंभर सहभागींपैकी सत्त्याण्णव जण तेवीस वर्षांचे असतील आणि तिघांचे वय ९९९ नोंदले गेले, तर नमुन्याचे सरासरी वय ५२ च्या वर जाते. हा आकडा पाहून थबकणारा विद्यार्थी अर्धी सांख्यिकी शिकला म्हणायचे. विश्लेषणाआधी वारंवारता सारणी आणि आलेख डोळ्यांखालून घालण्याची सवय कोणत्याही प्रगत तंत्रापेक्षा अधिक उपयोगी पडते.

संख्यात्मक शिक्षणात सर्वाधिक गैरसमज पी-मूल्याबद्दल होतो. पी-मूल्य ०.०३ आले म्हणजे शून्य परिकल्पना (प्रत्यक्षात काही फरक नाही, हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता तीन टक्के, असे अनेकजण लिहितात. ते चूक आहे. त्याचा अर्थ एवढाच, की शून्य परिकल्पना आणि चाचणीची इतर गृहीतके खरी मानली, तर मिळाला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक दिसण्याची संभाव्यता तीन टक्के आहे. तो फरक किती महत्त्वाचा, हे पी-मूल्य सांगत नाही; त्यासाठी परिणामाचा आकार (फरक प्रमाण विचलनाच्या किती पट आहे, यासारखे माप) आणि विश्वास अंतराल (अंदाज किती नेमका आहे हे दाखवणारी मर्यादा) द्यावे लागतात. जेकब कोहेन यांनी आग्रहाने मांडलेले शक्ती विश्लेषण, म्हणजे खरा परिणाम असल्यास तो सापडण्याची शक्यता किती याचा हिशेब, इथे उपयोगी पडते. दोन स्वतंत्र गटांतील मध्यम परिणाम (०.५) ऐंशी टक्के शक्तीने आणि ०.०५ या सार्थकता पातळीवर (पी-मूल्य याहून कमी आले, तर निष्कर्ष सार्थक मानतात) टिपायचा, तर प्रत्येक गटात ६४ व्यक्ती लागतात, परिणाम लहान (०.२) असेल, तर सुमारे ३९३. गटात वीस-पंचवीस जण घेऊन सूक्ष्म परिणाम शोधणारा लघुप्रबंध त्यामुळे सुरुवातीपासूनच हातपाय बांधलेला असतो, आणि हे हिशेब माहिती गोळा करण्याआधी मांडायचे असतात, नंतर नव्हे.

गुणात्मक पद्धतीत नमुना लहान असतो, पण काम लहान नसते. एका तासाच्या मुलाखतीचे शब्दशः लेखन करायला कित्येक तास लागतात, आणि ते स्वतः केल्याशिवाय बोलण्यातले अडखळणे, विराम, मध्येच आलेले हसू कानांत बसत नाही. नंतर येते संकेतन, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना त्यांचा अर्थ सांगणारी छोटी नावे देणे. समजा, नैराश्यातून सावरणारी एक व्यक्ती म्हणते : “गोळ्या सुरू झाल्या, बरं वाटायला लागलं, पण मग घरातले सगळे माझ्याशी जपूनच बोलायला लागले.” नवखा विद्यार्थी शेजारी ‘कुटुंबाचा आधार’ असा संकेत लिहून पुढे सरकतो. पण त्या ‘पण’ला आणि ‘जपूनच’मधल्या ‘च’ला काही अर्थ आहे. घरातल्यांची काळजी इथे आधारासारखी नव्हे, तर वेगळे काढल्यासारखी जाणवते आहे. बरे होऊनही रुग्णपण संपलेले नाही. दुसऱ्या वाचनात ‘जपले जाणे म्हणजे दुरावणे’ असा संकेत सुचतो, आणि इतर मुलाखतींत त्याचे जुळे सापडले, तर त्यातून आशयसूत्र आकार घेते. ‘माहितीतून आशयसूत्रे उमलून आली’ हे लघुप्रबंधांतील आवडते वाक्य ब्राउन आणि क्लार्क यांना मुळीच मान्य नाही : आशयसूत्रे संशोधक घडवतो, म्हणून त्याने आपली भूमिका, पूर्वग्रह आणि निर्णय यांची नोंदवही ठेवायची असते. लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्ये विश्वासार्हतेचे जे निकष सुचवले, त्यांतही निर्णयांचा असा माग ठेवण्याला स्थान आहे.

बहुतेक अभ्यासक्रमांत सांख्यिकीला मोठा वाटा आणि गुणात्मक पद्धतीला सत्राच्या अखेरचे काही तास मिळतात. परिणामी ‘गणित जमत नाही, म्हणून मुलाखती घेतो’ हे वाक्य मार्गदर्शकांच्या कानी वरचेवर पडते. ही निवड उलट्या टोकाने झालेली असते. एखादी उपचारपद्धती चिंता किती कमी करते, हा प्रश्न यादृच्छिक विभागणी (कोण कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवणे) आणि नियंत्रण गट (तुलनेसाठीचा, ती उपचारपद्धती न मिळालेला गट) मागतो. लोक ती उपचारपद्धती अर्ध्यावर का सोडतात, हे आधी ऐकून घ्यावे लागते. मिश्र पद्धती दोन्ही जोडते, परंतु एका वर्षाच्या कामात ती पेलायला अवघड असते, आणि प्रश्नावलीच्या शेवटी ‘आणखी काही सांगायचे आहे का?’ एवढे विचारल्याने ती साधत नाही.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सहयोगी प्रकल्पात मानसशास्त्रातील शंभर अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निष्कर्ष सार्थक होते. पुनरावृत्तींत हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. त्यानंतर पूर्वनोंदणी, म्हणजे परिकल्पना आणि विश्लेषणाचा आराखडा माहिती हाती येण्यापूर्वीच जाहीर करणे, आणि मूळ माहिती इतरांना तपासणीसाठी खुली ठेवणे या गोष्टी अध्यापनात अधिकाधिक येऊ लागल्या. संख्यांच्या तक्त्यातून नावे वगळून तो खुला करणे तुलनेने सोपे असते. मुलाखतीचे तसे नाही : नाव, गाव, व्यवसाय सगळे बदलले, तरी बोलण्याची लकब आणि आयुष्यातल्या घटनांचा क्रम यांवरून ओळखीचा वाचक त्या व्यक्तीला ओळखू शकतो. म्हणून शब्दशः लेखनातील कोणता भाग कुणाला, किती काळ पाहता येईल, हे संमतिपत्रातच सहभागींना समजेल अशा भाषेत लिहावे लागते, आणि मुलाखत देऊन झाल्यावरही आपले शब्द मागे घेण्याची मुदत त्यांना द्यावी लागते.