हरवलेली सतरावी तान

रविवारी गंगापूर रोडला बहिणीकडे गेलो, तर भाची पेटीसमोर तोंड फुगवून बसलेली. बाईंनी घरी करायला दिलं होतं: सा, रे, ग, म हे चार सूर एकेकदाच घेऊन होतील तेवढे पलटे लिहून आण. वहीत बावीस झाले होते.

"मामा, संपले ना?"

संपले नव्हते. पहिल्या जागी चारांपैकी कोणताही सूर, पुढे उरलेल्या तिनांतला, मग दोनांतला, शेवटी एकच. ४ × ३ × २ × १ = २४. दोन निसटले होते, पण कोणते?

याचं उत्तर तेराव्या शतकातच दिलेलं आहे. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शारंगदेवाने 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात तानांचा, म्हणजे अशाच पलट्यांचा, 'प्रस्तार' (क्रमवार यादी) मांडला. (याच यादवांची आधीची राजधानी आपलं सिन्नर!) युक्ती साधी: शेवटचा सूर सगळ्यात उशिरा बदलायचा. पहिल्या सहा ताना 'म'वर संपणाऱ्या, पुढच्या सहा 'ग'वर, मग 'रे'वर, मग 'सा'वर. सहांच्या आतही तोच नियम: सारेगम, रेसागम, सागरेम, गसारेम... असं लिहीत गेलं की काही निसटतच नाही.

भाचीने चोवीस लिहून काढल्या. मी सतराव्या ओळीवर तळवा ठेवला आणि म्हटलं, ओळख.

सतराव्याच्या आधी सोळा ओळी. त्यात सहा-सहाचे दोन गट पुरे होतात, 'म'चा आणि 'ग'चा. म्हणजे आपली तान 'रे'वर संपणार. उरल्या चार ओळी, आणि सूर सा, ग, म. आता गट दोन-दोनचे. तेही दोन सरले, पुन्हा 'म'चा आणि 'ग'चा. म्हणून 'रे'च्या आधी 'सा'. शिल्लक शून्य, तेव्हा ग, म मूळ क्रमाने. गमसारे! हात काढला, तीच होती. क्रमांकावरून तान शोधण्याच्या या रीतीला ग्रंथात 'नष्ट' म्हणतात आणि तानेवरून क्रमांक काढण्याला 'उद्दिष्ट'. नष्ट म्हणजे हरवलेली. इतकं नेमकं नाव गणितात क्वचितच सापडतं.

सात सुरांच्या अशा ताना ५,०४० होतात. एकेक पाच सेकंदांत म्हटली तरी सलग सात तास. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गायकीचा कणा असलेलं मेरुखंड ते हेच. पण ते काही यादी वाचून दाखवत नसत. रागाला कोणती तान मानवेल, ही निवड त्यांची.

त्या निवडीपुढे मोजणी तोकडी पडते. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या, दोघांचे सूर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. दोघांच्या ताना १२०, अगदी त्याच. भूप 'ग'वर रेंगाळतो, देशकार 'ध'वर, आणि हे प्रस्तारात कुठेच लिहिलेलं नसतं.

भाचीने गमसारे पेटीवर दोन-तीनदा वाजवून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "ही नाही आवडली. अठरावी वाजवू?"