चुलीचा धूर आणि बायकांचं आरोग्य: पार्श्वभूमी

1950च्या दशकात दिल्लीतल्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांच्याकडे 'कॉर पल्मोनेल'चे रुग्ण येत होते. फुप्फुसं जुनाट आजाराने खराब झाली की त्यांच्यात रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो आणि ती हळूहळू थकत जाते, तो हा विकार. पाश्चात्त्य देशांत तो प्रामुख्याने पुरुषांत दिसे. दिल्लीत मात्र बायकांचं प्रमाण पुरुषांच्या बरोबरीला येत होतं, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्या बायका तर फार थोड्या होत्या. पद्मावती आणि त्यांचे सहकारी एस. एन. पाठक यांनी 1959 साली 127 रुग्णांचा अभ्यास 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात मांडला आणि लहान वयापासून चुलीच्या धुरात बसण्याकडे बोट दाखवलं.

म्हणजे धुराने बाईचं नुकसान होतं, हे आपल्याच देशात, आपल्याच एका बाई डॉक्टरने साठ वर्षांहून अधिक काळापूर्वी नोंदवून ठेवलं होतं. पुढची दोन दशकं त्याकडे धोरण म्हणून कुणी फारसं पाहिलं नाही, याची मला आजही चीड येते.

धुराची जाणीवच नव्हती, असंही नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कामातून 'मगन चूल' निघाली होती, तर हैदराबादेत एस. पी. राजू यांनी धुरांड्याची निर्धूर चूल बनवली होती. हे काम तळमळीचं होतं, पण स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या नाकातोंडात नेमका किती धूर जातो, याचं मोजमाप कुणाकडेच नव्हतं.

ते झालं 1981 साली गुजरातमध्ये. अमेरिकी शास्त्रज्ञ कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी चार गावांतल्या बायकांच्या अंगावरच हवा खेचणारी छोटी यंत्रं लावली. स्वयंपाक चालू असताना त्या घेत असलेल्या हवेत दर घनमीटरला सरासरी सुमारे 7 मिलिग्रॅम धूलिकण सापडले. त्या काळी हवेचं प्रदूषण म्हटलं की गिरण्यांची धुराडी आणि मोटारी डोळ्यांसमोर येत, आणि मोजणी व्हायची ती शहरातल्या चौकात. इथे मात्र सगळ्यात वाईट हवा खेड्यातल्या, चारी बाजूंनी बंद स्वयंपाकघरात निघाली. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या नीट जळत नाहीत, म्हणून त्यांच्या धुरात बारीक कणांबरोबर कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन आणि कर्करोगकारक बेंझोपायरीन असतं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची जागा अडवतो. आधीच रक्त कमी असलेल्या गरोदर बाईला हे किती जड जात असेल!

याच सुमारास, 1983 मध्ये, केंद्राचा सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू झाला. त्यामागे मोठी चिंता होती ती सरपणाची आणि तुटणाऱ्या जंगलाची. 2002 मध्ये तो गुंडाळला, तोवर सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद होती. त्यातल्या पुष्कळ तडकल्या, धुरांडी काजळीने तुंबली, दुरुस्तीला माणूस मिळेना आणि बायकांनी पुन्हा तीन दगड मांडले. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने मात्र सुधारित चुलीचं काम निष्ठेने चालू ठेवलं.

दरम्यान पुरावे साचत गेले. नेपाळच्या डोंगरी गावांत डॉ. मृगेंद्रराज पांडे यांना जुनाट खोकल्याचा आणि चुलीपाशी घालवलेल्या तासांचा संबंध दिसला. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी 2009 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे, म्हणजे श्वासनलिका आकसून दम लागण्याच्या जुनाट आजाराकडे, जगाचं लक्ष वेधलं. चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण. मोतीबिंदूशी असलेला संबंधही अनेक अभ्यासांत दिसला.

सगळंच मात्र इतकं सरळ नाही. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या सुमारे 3,200 गरोदर बायकांपैकी निम्म्यांना गॅस देऊन एक मोठी चाचणी झाली. भारतातला भाग तमिळनाडूत होता. गॅस मिळालेल्यांचा धूर खूप कमी झाला, पण बाळांच्या जन्मवजनात ठळक फरक पडला नाही. गॅस हाती आला तेव्हा गरोदरपणाचे काही आठवडे उलटले होते. शिवाय आईच्या अंगात वर्षानुवर्षं मुरलेला धूर काही महिन्यांत कसा निघावा, असं मला वाटतं.

1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात गरीब घरांना गॅस देणारी केंद्राची उज्ज्वला योजना सुरू झाली, जोडणी घरातल्या बाईच्या नावावर. आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर 2019 मध्ये औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दिली गेली. तरीही 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भारतातली 43.2 टक्केच घरं स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करताना आढळली. पाहणीत विचारलं जातं ते मुख्य इंधन. चहा-भाजी गॅसवर आणि भाकरी व आंघोळीचं पाणी चुलीवर, असं ज्या घरात चालतं तेही स्वच्छ इंधनाच्या रकान्यात जाऊ शकतं.