एका पीजी जागेचा हिशेब

एमडी-एमएसची, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर (पीजी) शिक्षणाची एक जागा वाढवायला किती पैसे लागतात? केंद्र सरकारने सप्टेंबर 2025मध्ये जागेमागे खर्चाची मर्यादा दीड कोटी रुपयांवर नेली. सरकारी महाविद्यालयांत 5,000 पदव्युत्तर आणि 5,023 एमबीबीएस जागा वाढवण्याची ही योजना. एकूण खर्च 15,034.50 कोटी, त्यातले 4,731.30 कोटी राज्यांनी घालायचे.

यातून इमारत, वसतिगृह, यंत्रसामग्री उभी राहते. खरी ओढाताण पुढे आहे. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, म्हणून वर्षाला 10 जागा वाढल्या की तिसऱ्या वर्षी 30 जादा निवासी डॉक्टर, म्हणजे शिकता शिकता रुग्णालयात काम करणारे पीजी विद्यार्थी, असतात. विद्यावेतन महिना 80 हजार धरले तर वर्षाला 2 कोटी 88 लाख झाले, आणि तेही दरवर्षी. शिक्षकांचे पगार वेगळेच.

कुठल्याच हिशेबात न दिसणारा खर्च मात्र ऑपरेशन थिएटरमध्ये होतो. समजा, दुर्बिणीतून पित्ताशय काढायला अनुभवी सर्जनला पाऊण तास पुरतो. तेच शिकाऊ डॉक्टरकडून करवून घेताना दीड तास सहज जातो. पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी दोन्ही मोकळ्या करून स्पष्ट दिसेपर्यंत त्याला क्लिप लावू द्यायची नसते. चुकून मुख्य पित्तनलिका कापली गेली, तर रुग्णाला ते आयुष्यभर भोवू शकते. त्यामुळे त्या टेबलावर चारऐवजी दोनच केसेस होतात आणि बाकीच्यांना पुढची तारीख मिळते. हा वेळ वाचवायला गेले की निवासी डॉक्टर नुसते कॅमेरा धरून उभे राहतात; त्यांचा हात बसत नाही. दुसरे टेबल सुरू करायचे तर भूलतज्ज्ञ आणि प्रशिक्षित परिचारिकाही हव्यात. नुसत्या सर्जरीच्या जागा वाढवून भागत नाही, ते यामुळे.

शिक्षकही एका रात्रीत तयार होत नाहीत. वैद्यकीय शिक्षकांच्या पात्रतेच्या 2025च्या नियमांनी वाट थोडी रुंद केली आहे: 220 किंवा अधिक खाटांच्या सरकारी रुग्णालयात 10 वर्षे काम केलेले पदव्युत्तर तज्ज्ञ सहयोगी प्राध्यापक होऊ शकतात. हे योग्यच झाले, कारण रुग्ण जिल्हा रुग्णालयांतच आहेत.

जागा मंजूर करण्याआधी तपासणी पथकाने थिएटरचे रजिस्टर उघडावे. वर्षाला पित्ताशयाच्या 240 शस्त्रक्रिया आणि 12 निवासी डॉक्टर असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला 20 येतात. शस्त्रक्रिया तेवढ्याच राहून निवासी 24 झाले, तर 10.